साळवे बाईंची कडी

साळवे बाईंइतकी भित्री बाई मी आजवर पाहिली नाही. हे मी त्यांच्या तोंडावर कितीदा तरी म्हटलं आहे, त्यामुळे आता माघारी लिहायला हरकत नसावी. पालीला भ्यायच्या, विजेला भ्यायच्या, एसटीच्या दाराला भ्यायच्या. तपासणीला येणाऱ्या साहेबांना आम्ही सगळेच भीत असू, पण बाई त्यांच्या ड्रायव्हरलाही भ्यायच्या. कुकरची शिट्टी व्हायच्या बेताला आली की स्वयंपाक टाकून अंगणात येऊन उभ्या राहायच्या आणि मला म्हणायच्या, "तुमी जाऊन बंद करा वो जरा."

बार्शीटाकळीच्या पुढच्या एका लहानशा गावात आम्ही दोघी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होतो. मी अमरावतीची, त्या अचलपूरच्या. एकाच घरमालकाच्या दोन लागून असलेल्या खोल्या आम्ही घेतल्या होत्या, मधे एका विटेची भिंत. दिवेलागण झाली की बाई आपल्या दाराची कडी लावायच्या, नीट बसली की नाही ते तीनदा ओढून बघायच्या आणि आतून ओरडायच्या, "लावली!" मग मी माझ्या खोलीतून ओरडायचं, "ऐकलं!" माझं उत्तर गेलं नाही तर पुन्हा, जरा वरच्या आवाजात, "लावली वो!" मी पुष्कळदा मुद्दाम उशीर करायची. त्या गावात दुसरी करमणूक तरी काय होती?

मार्था साळवे हे त्यांचं पूर्ण नाव. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, आजोबांपासून घर ख्रिस्ती. लग्न केलं नव्हतं. नवऱ्यालाही भ्याल्या असत्या, असं मी चिडवायची आणि त्या गंभीरपणे "हाव, ते तं आहेच" म्हणायच्या. दोन्ही हातांत डझन-डझन काचेच्या बांगड्या भरलेल्या. एवढ्या कशाला, म्हणून मी एकदा विचारलं. तर म्हणाल्या, "अंधारात आपलाच आवाज सोबतीले असते." शाळेत त्या कुठल्या वर्गावर आहेत हे बांगड्यांवरून कळायचं. मुलं त्या आवाजाने सावध होत, त्यामुळे बाईंना कधी कोणाला दंगा करताना पकडता आलं नाही.

भीती वाटली की त्या प्रार्थना करायच्या, म्हणजे दिवसभर. एक पाय एसटीच्या पायरीवर ठेवून डोळे मिटायच्या तेव्हा कंडक्टर हात जोडायचा, देवाला नव्हे, बाईंना. एकदा तपासणी होती. बाई सकाळपासून कपाटाकडे तोंड करून उभ्या. दुपारी निरोप आला, साहेबांची जीप रस्त्यात बंद पडली, तपासणी रद्द. आमचे मुख्याध्यापक वानखडे सर मोठ्याने हसले आणि म्हणाले, "बाई, चमत्कार केला तुम्ही." बाईंचा चेहरा पडला. संध्याकाळी मला म्हणाल्या, "कोनाची गाडी बंद पडावी असं मी मांगत नाई वो. तुमाले तरी तसं वाटलं काय?"

"मग मागता तरी काय तुम्ही?" मी विचारलं.

"मांगत काई नाई. सांगतो." आमच्या वऱ्हाडात बायकाही 'सांगते' न म्हणता 'सांगतो'च म्हणतात. थोडा वेळ त्या बांगड्या वरखाली करत बसल्या. "असं पाहा, मी कडी लावली म्हंतो, तुमी ऐकलं म्हंता. तुमी काय येऊन कडी लावता? चोर आला तं तुमी काय करान? तुमी तं घोरता. पन कोनीतरी ऐकलं, एवढ्यावर मले झोप लागते. प्रार्थना तेवढीच."

"आणि मंत्र?" मी सहज विचारलं, कारण गावात तेव्हा पार्बताबुढीच्या मंत्राची चर्चा असायची.

बाईंनी आवाज खाली आणला. "मंत्र म्हंजे कडीलेच हुकूम देनं, उघडू नको म्हनून. देवाले इचारनं नाई, काई नाई. अन् कडीनं ऐकलं तं? मंग ते कोनाचं ऐकून राहिली, याचंच तं भेव आहे."

पार्बताबुढी शाळेच्या मागे राहायची. नवऱ्याला जाऊन तीस वर्षं झालेली, हात उघडे, अंगाने काटकुळी. गावात कोणाचं लेकरू रडायला लागलं, गाईचं दूध आटलं, नव्या नवरीला उलट्या सुटल्या की हिला बोलावणं जायचं. मीठमिरची ओवाळायची, गंडा बांधायची, उतारा टाकायची. बदल्यात पायलीभर ज्वारी किंवा जुनं लुगडं घ्यायची. वानखडे सर तिला अंधश्रद्धा म्हणायचे, मी थोतांड म्हणायची. साळवे बाई एकट्याच अशा होत्या की ज्यांचा तिच्या विद्येवर पक्का विश्वास होता.

"सर, खोटं असतं तं आमच्या शास्त्रात मना कायले केलं असतं?" त्या म्हणायच्या. "जे नाईच, त्याले कोनी मना करते काय?" बाई शाळेत यायला मागची सोपी पायवाट सोडून पूर्ण गावाला वळसा घालायच्या, बुढीची सावली अंगावर पडू नये म्हणून.

एकदा शाळेच्या उंबऱ्यावर कुंकू लावलेलं लिंबू सापडलं. मुलं लांब उभी राहिली, शिपाई हात लावेना. मी ते उचललं, धुतलं आणि मधल्या सुट्टीत त्याचं सरबत करून प्यायले. सरांनीही अर्धा पेला घेतला, पण त्यांचा हात जरा अडखळला हे मी पाहिलं. बाईंनी त्या दिवशी डबा उघडला नाही. तास सोडून सारख्या माझ्या वर्गाच्या दारात येत होत्या. मी फळ्यावर लिहिताना खडू मोडला तरी बाहेर बांगड्या वाजायच्या. संध्याकाळी "लावली!" आलं, मी "ऐकलं" म्हटलं. अर्ध्या तासाने पुन्हा "लावली!", मग पुन्हा. मी शेवटी ओरडले, "अहो, जिवंत आहे मी!" भिंतीपलीकडून खूप वेळाने आवाज आला, "बरं झालं, माय."

ते लिंबू बुढीचं नव्हतंच. ती हापशीवर पाणी भरायला आली तेव्हा मी विचारलं, तर केवढी चिडली. "माह्यं लिंबू म्या तिवाट्यावर टाकतो, शाळेत कायले टाकू? लेकरं असतेत तिथं." मग बादली खाली ठेवून म्हणाली, "तुमच्या बाईले सांगजा, म्या तिचं काई खाल्लं नाई. मले पाहून पदर सावरते ते. ते देवाले अर्ज करते. अर्जाचं उत्तर कधी येते, कधी नाई येत. माह्यं तसं नाई. काटा रुतला तं काढा लागते. काटा काढाले देवाची परवानगी कायले पायजे?"

हे मी बाईंना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं त्यांची भीती थोडी जाईल. त्या दिवसभर विचार करत राहिल्या आणि संध्याकाळी म्हणाल्या, "जिले काटा काढता येते, तिले रुतवताही येत असन." मी कपाळावर हात मारून घेतला. पण पुढे तीच गोष्ट सगळ्या गावाने म्हटली तेव्हा मला हसू आलं नाही.

ती कपाशीवरच्या बोंडअळीची वर्षं होती. बाहेरून हिरवंगार दिसणारं बोंड उघडावं तर आत अळी. लोक मिळेल ते औषध आणून मारत होते. आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. दोन-तीन औषधं एकात एक मिसळायची, पाठीवर पंप घ्यायचा आणि डोक्याइतक्या वाढलेल्या पऱ्हाटीत उघड्या तोंडाने शिरायचं. त्या पावसाळ्यात आठ दिवसांत गावातले तीन जण शेतातच कोसळले. डोळ्यांना दिसेना, तोंडाला फेस. रहीमभाईने आपल्या ऑटोत घालून तिघांना अकोल्याला नेलं. दोघं परत आले. दिगंबर नावाच्या शेतकऱ्याचा धाकटा भाऊ संजू आला नाही. चोवीस वर्षांचा होता, आमच्याच शाळेत शिकलेला, कबड्डीत पटाईत.

अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की विष अंगात भिनलं. मीही घरोघरी सांगत फिरले की वारा सुटलेला असताना फवारू नका, तोंडाला कापड बांधा. लोक ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "मंग बाजूच्यानं तेच औषध मारलं, त्याले कावून काई झालं नाई?" गाव फार घाबरलेलं होतं. माणसं संध्याकाळी लवकर घरात जाऊ लागली होती, पोरांच्या गळ्यात काळे दोरे वाढले होते, आणि ते बांधणारी बुढीच होती. मग कोणाला तरी आठवलं की संजू शेतात निघाला तेव्हा तिने त्याला वाटेत अडवलं होतं. "आज जाऊ नको रे, बापा," असं म्हणाली होती. सकाळपासून वारं भणाणत होतं, म्हणून म्हणाली असेल. पण तिला आधी कसं कळलं, असं गावाचं म्हणणं पडलं.

शनिवारची सकाळची शाळा सुटत होती. वानखडे सर तालुक्याला गेले होते. पन्नासेक माणसं फाटकातून आत आली, मधे पार्बताबुढी. तिला कोणी धरलेलं नव्हतं, पण निघून जायला वाटही नव्हती. शाळेच्या ओट्यापाशी तिला बसवलं. पुढे दिगंबर होता, दहा दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा झालेला.

"बाई," तो साळवे बाईंना म्हणाला, "चेटूक ओळखाले आमी भगत नाई आनला. भगत आपल्या मनचं सांगते. तुमी खोटं बोलत नाई, हे सारं गाव जानते. आमच्या दोघी बाया प्रार्थनेच्या सभेले जाऊन आल्या. तिथं जिच्या अंगात वाईट असते, ते प्रार्थना सुरू झाली का थरथर कापते. तुमी हिच्या डोक्यावर हात ठेवा अन् प्रार्थना करा. नाई थरथरली तं आमी पाया पडून घरी नेऊन सोडतो."

"आणि थरथरली तर?" मी विचारलं.

मागे उभ्या असलेल्या एकाच्या हातात औषधाची बाटली होती. झाकण नव्हतं. तो उग्र वास ओट्यापर्यंत येत होता.

मी बुढीकडे पाहिलं. तिची हनुवटी तेव्हाच थरथरत होती. पन्नास माणसं अंगावर चालून आल्यावर कोण थरथरणार नाही? त्या परीक्षेचा एकच निकाल लागणार होता आणि तो त्या बाटलीत होता. माझा मोबाइल लागत नव्हता. मी शिपायाला हळूच मागच्या वाटेने रहीमभाईकडे पिटाळलं, पण ऑटो यायला वेळ लागणार होता. मला इतकी भीती त्याआधी कधी वाटली नव्हती.

मी बाईंच्या कानात म्हटलं, "नाही म्हणा."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओठ न हलवता म्हणाल्या, "नाई म्हटलं तं हे भगत आनतीन."

आणि त्या ओट्यावरून खाली उतरल्या. जिची सावली नको म्हणून रोज गावाला वळसा घालायच्या, तिच्यासमोर धुळीत मांडी घालून बसल्या. डोक्यावर हात ठेवला नाही. बुढीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, घट्ट, आणि पदराखाली मांडीवर ओढून धरले. दिगंबर म्हणाला, "डोक्यावर ठेवा न, बाई." बाई म्हणाल्या, "मी असंच करतो." मग डोळे मिटले आणि मोठ्याने बोलल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"प्रभू, इथं सारेच भेलेले आहेत. हे बुढी भेली आहे. हे मानसं भेली आहेत, त्यायचा पोरगा गेला. सगळ्यात जास्त मी भेलो आहे. ऐकून घे."

मग बांगड्या वाजायला लागल्या. आधी हळू, मग अशा की थांबेनात. बाईंचे खांदे हलत होते, पदर हलत होता. गर्दीतून कोणी ओरडलं, "थरथरली! पाहा, थरथरली!" माणसं एक पाऊल पुढे सरकली. बाटलीवालाही सरकला.

बाईंनी डोळे उघडले. "थरथरून राहिलो तो मी," त्या म्हणाल्या. आवाजही कापत होता. "आवाज आयकून नाई राहिले काय? बुढीच्या हातात बांगड्या आहेत काय?"

सगळ्यांनी कान दिला. बांगड्या वाजतच होत्या. फाटकापाशी उभी असलेली तिसरीतली एक पोरगी फिस्सकन हसली आणि म्हणाली, "बाई भेल्या!" तिच्यामागे आणखी कोणी हसलं. साळवे बाई पालीलाही भितात, हे त्या गावात कोणाला माहीत नव्हतं? हसणं एकाकडून दुसऱ्याकडे गेलं आणि माणसांचे खांदे सैल पडले. बुढीचे हात मात्र अजून पदराखालीच होते. बाईंनी ते सोडले नव्हते.

दिगंबर हसला नाही. तो वाकला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या देवासमोर सांगा. कोन थरथरून राहिलं?"

"मी," बाई म्हणाल्या. "माझ्या देवासमोर सांगतो. मी थरथरून राहिलो."

तो तिथेच खाली बसला आणि भावाचं नाव घेऊन रडायला लागला. लोक एकेक करून निघाले. बाटलीवाला कधी गेला ते कळलंही नाही.

त्याच दुपारी रहीमभाईने बुढीला तिच्या लेकीकडे अकोल्याला पोचवलं. "गाव आज हासलं, उद्याचा भरोसा नाई, बाईजी," तो मला म्हणाला, आणि ते खरं होतं. ऑटोत बसण्याआधी बुढी वळली. बाईंच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात उतरवून तिने स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली, लेकराची दृष्ट काढतात तशी. बाईंनी डोळे गच्च मिटून घेतले होते, पण मागे सरल्या नाहीत. त्या संध्याकाळी "लावली!" आलं तेव्हा मी एका श्वासात "ऐकलं" म्हटलं. त्यानंतर मी कधी उशीर केला नाही.

पुढे माझी बदली झाली. बाई निवृत्त होऊन अकोल्यात जठारपेठेत पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत राहायला गेल्या. काही वर्षांनी मी त्यांना भेटायला गेले. केस पूर्ण पांढरे, बांगड्या तेवढ्याच. चहा त्यांनी केला, गॅस मला बंद करायला लावला. बुढी लेकीकडेच दोन वर्षांनी वारल्याचं त्यांनीच सांगितलं. मग मी इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारलं. त्या दिवशी थरथरण्याचं सोंग होतं का?

"सोंग कायचं वो? मी भेलोच होतो." त्या कपाकडे बघत होत्या. "पन बुढीचे हात माह्याहून जास्त थरथरून राहिले होते. म्हनूनच तं मांडीवर दाबून धरले. मी अर्धंच सांगतलं. तेही देवाचं नाव घेऊन."

"पण ती निर्दोष आहे हे तुम्हाला ठाऊक होतं ना? मग अर्धं सांगितलं तर काय बिघडलं?"

बाईंनी मान हलवली. "नाई. मले वाटलं, हिनंच केलं. माह्या हातात ते थरथरली न. मले दुसरं काय वाटन? आमच्या शास्त्रात अशा बाईबद्दल लय कडक लिहिलं आहे, जित्ती ठेवू नको म्हनून. मले ते पाठ आहे. हात धरून बसलो तवा तेच आठवून राहिलं होतं."

इतकी वर्षं मी लोकांना हा किस्सा सांगत आले होते. त्यात साळवे बाई एका निरपराध म्हातारीला वाचवायच्या. खरं म्हणजे त्या, त्यांच्या समजुतीने, एका चेटकिणीचे हात धरून बसल्या होत्या.

"मग वाचवलं कशाला?"

"भेव वाटलं," त्या म्हणाल्या. "त्या बाटलीचं. तिचं झाकन नव्हतं वो." आणि कप खाली ठेवून, "रोज सांगतो मी त्याले. चुकलं असन तं माफ कर म्हंतो."

"आणि?"

"ऐकलं असन."

मी निघाले तेव्हा दिवे लागले होते. बाई दारापर्यंत आल्या, माझा हात धरून उभ्या राहिल्या, मग आत गेल्या. मी जिन्यात होते. कडी पडली, एकदा, दोनदा, तीनदा ओढली गेली, बांगड्या वाजल्या आणि आतून आवाज आला, "लावली!"

"ऐकलं!" मी जिन्यातून ओरडले. खालच्या दुकानातली माणसं वर बघायला लागली. त्यानंतर बाई मला दिसल्या नाहीत. त्याच थंडीत त्या गेल्या.

आता मीही निवृत्त आहे आणि अमरावतीला एकटी राहते. मी देव मानत नाही, लिंबाचं अजून सरबतच करते. संध्याकाळी दार लावते, कडी एकदा ओढून बघते आणि तो शब्द ओठांपर्यंत येतो. अजून तरी मी तो मोठ्याने म्हटलेला नाही. म्हटला आणि पलीकडून काहीच आलं नाही तर काय करायचं, याचं मला भेव वाटतं.